चप्पल निसटली तरी पायाला कळेना

मावशी बाजारातून आली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. दार मीच उघडलं. "मावशी, दुसरी चप्पल कुठाय?" असं विचारल्यावर तिने खाली पाहिलं आणि तेव्हाच तिला कळलं की डावा पाय उघडा आहे. चप्पल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर सापडली. म्हणजे दीडशे-दोनशे पावलं ती डांबरी रस्त्यावरून एका पायाने अनवाणी चालत आली होती. "अगं, खडे टोचले नाहीत?" मी विचारलं. "टोचत होते की," ती म्हणाली, "मला वाटलं चप्पल झिजली असेल."

टोचलेलं कळत होतं, पण चप्पल पायात नाही हे कळत नव्हतं. पाय तर बधिर नव्हता, मग हे कसं? त्या दिवशी मला याचा उलगडा झाला नाही. पहिल्या डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवलं आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. दोन महिने त्यातच गेले. ते दोन महिने मला आजही बोचतात, कारण या आजारात प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र तपासायच्या आधी तीन साधे प्रश्न विचारले. "काकू, चप्पल निसटली की तुम्हाला कळतं का?" नाही. "बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का?" हो, नळ धरावा लागतो. "अंघोळीचं पाणी कढत आहे की कोमट, ते पायाला कळतं का?" हो, ते चांगलं कळतं. डॉक्टरांनी मान हलवली. बिघाड साधारण कुठे असणार, हे त्यांना तेवढ्यावरच उमगलं होतं. कसं उमगलं, ते समजून घेताना मी जे शिकले ते इथे मांडते.

आपण सरसकट 'संवेदना' म्हणतो, पण ती एक गोष्ट नाही. स्पर्श, वेदना, गरम-थंड आणि 'माझा हात-पाय आत्ता कुठे आहे' याचं भान, या प्रत्येकाचे तंतू वेगळे, त्यांचा वेग वेगळा आणि मेंदूकडे जायचा रस्ताही वेगळा. त्यामुळे यातली एक गोष्ट जाऊन दुसरी शाबूत राहू शकते.

सुरुवात कातडीपासून करू. बोटाच्या टोकाच्या त्वचेत सूक्ष्म टिपणारे बसलेले असतात. काही हलका दाब टिपतात, काही कातडीवरून घसरणारी वस्तू टिपतात, म्हणूनच हातातली काचेची बरणी निसटू लागताच पकड आपोआप घट्ट होते. त्यांच्याखाली, जरा खोलवर, कांद्यासारखे पापुद्रे असलेले टिपणारे असतात. ते थरथर ओळखतात. खिशातला मोबाइल थरथरला की पहिली बातमी तेच देतात. यातले बरेचसे टिपणारे फक्त बदलाची खबर देतात. म्हणून सकाळी मनगटावर चढवलेलं घड्याळ पाच मिनिटांनी जाणवेनासं होतं.

हे टिपणारे सगळीकडे सारखे दाट नसतात. कंपासपेटीतल्या कर्कटकाची दोन टोकं बोटाच्या शेंड्यावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावर टेकवली तरी ती दोन आहेत हे ओळखू येतं. पाठीवर तीच टोकं साधारण चार सेंटीमीटर लांब न्यावी लागतात, नाहीतर एकच टोक टेकल्यासारखं वाटतं. पाठ खाजवून देणाऱ्याला आपण "अजून वर, नाही, डावीकडे" असं करत राहतो, त्याचं कारण हेच.

वेदना आणि उष्णता टिपणारे तंतू निराळे. त्यांच्या टोकाला कांद्यासारखं काही नसतं, ती उघडी, झाडाच्या मुळ्यांसारखी फाटे फुटलेली टोकं असतात. मिरच्या चिरल्यावर हात झोंबतात, तो याच टोकांचा खेळ. मिरचीतला कॅप्सायसिन हा पदार्थ ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, तेच प्रथिन साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णताही ओळखतं. मेंदूला मिळणारा निरोप दोन्ही वेळी एकच असतो: भाजतंय. म्हणून ठेचा खाल्ला की तोंड 'भाजतं' असं आपण म्हणतो, ते शब्दशः खरं आहे. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधलं. दाब ओळखणारी प्रथिनं आर्डेम पॅटापुटियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये शोधली. पेशींना बारीक काचेच्या नळीने टोचत टोचत, एकेक जनुक बंद करून पाहायचं, असं ते चिवट काम होतं. दोघांना मिळून २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिसरा प्रकार आपल्याला असतो हेच आपल्या ध्यानीमनी नसतं. डोळे मिटा आणि बोटाने नाकाचा शेंडा गाठा. हात दिसत नसताना बोट नेमकं नाकावर कसं आलं? स्नायूंच्या आत बारीक चात्यांसारखे तंतू असतात आणि त्यांच्याभोवती मज्जातंतूचं टोक स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. स्नायू ताणला की स्प्रिंग ताणली जाते आणि किती ताणली ते वर कळवलं जातं. आपण नुसते उभे असतो तेव्हाही शरीर थोडं थोडं डुलत असतं. पोटऱ्यांतल्या या चात्या ते क्षणोक्षणी कळवतात आणि स्नायू आपसूक सावरतात. याला मी 'अंगाचं भान' म्हणेन. पुस्तकी शब्द अवघड आहेत आणि हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे.

आता वेग पाहू. इथे मराठी भाषेने शास्त्राच्या आधीच फरक टिपलेला आहे. तव्याला बोट लागलं की पहिल्यांदा बसतो तो चटका. लख्ख, टोकदार, नेमका कुठे ते सांगणारा. मग सेकंदभराने सुरू होते ती आग, भगभग, आणि रात्री ठणका. चटका आणणारे तंतू बारीक असले तरी त्यांच्यावर आवरण असतं, त्यांचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. भगभग आणणारे तंतू त्याहून बारीक आणि उघडे, ते सेकंदाला अर्धा ते दोन मीटरच सरकतात, म्हणजे माणसाच्या चालण्याइतपत. पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचं साधारण मीटरभर अंतर कापायला त्यांना एखाद-दीड सेकंद लागतो. स्पर्शाचे जाड तंतू सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर जातात आणि अंगाच्या भानाचे काही तंतू त्याहूनही वेगवान असतात. टेबलाच्या पायाला करंगळी आपटली की आपटल्याचं आधी कळतं आणि "आता कळ येणार" असं वाटायला एक क्षण मिळतो. तो क्षण म्हणजे या दोन वेगांमधलं अंतर.

जाड तंतूंचा वेग येतो तो त्यांच्यावरच्या मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणातून. वायरवर प्लास्टिक असतं तसं ते, फक्त मध्ये मध्ये थोडं उघडं. संदेश एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उड्या मारत जातो, म्हणून वेळ वाचतो. मावशीचं दुखणं याच आवरणात होतं, तिकडे येतेच.

तव्याच्या चटक्यात आणखी एक गोष्ट घडते. हात मागे येतो तो दुखायच्या आधी. मज्जारज्जूतच, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाड दोरातच, निर्णय होऊन हुकूम सुटतो, मेंदूला मागाहून कळवलं जातं. मग आपण बोट झाडतो, चोळतो. त्यालाही अर्थ आहे. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदना शिरते तिथे जणू एक फाटक आहे आणि स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की ते फाटक थोडं लोटलं जातं. त्या कल्पनेतले तपशील पुढे बरेच बदलले, पण गाभा टिकला. पडलेल्या पोराचा गुडघा आई चोळते, त्याने खरोखरच कमी दुखतं.

आता रस्ते. मला स्वतःला सगळ्यात नवल वाटलं ते इथे.

पायातून निघालेले सगळे तंतू मणक्यांच्या फटीतून मज्जारज्जूत शिरतात. तिथे त्यांची ताटातूट होते. स्पर्श, थरथर आणि अंगाचं भान यांचे जाड तंतू मज्जारज्जूच्या पाठीमागच्या भागात चढतात आणि ज्या बाजूने आले त्याच बाजूने, कुठेही न थांबता, थेट मेंदूच्या बुडाशी जातात. पायाच्या अंगठ्यापासून तिथपर्यंत ती एकच पेशी असते, जवळजवळ दीड मीटर लांबीची! तिचा मुख्य भाग कमरेच्या मणक्यांपाशी, एक हात अंगठ्यात, दुसरा मानेच्या वर. अख्ख्या शरीरात याहून लांब पेशी नाही. मेंदूच्या बुडाशी पहिला बदली गडी भेटतो, तो बाजू ओलांडून निरोप वर नेतो.

वेदना आणि उष्णतेचे तंतू मात्र मज्जारज्जूत शिरल्याबरोबर निरोप दुसऱ्या पेशीच्या हाती देतात. ती पेशी तिथल्या तिथे समोरच्या बाजूला जाते आणि पुढच्या-बाजूच्या वेगळ्या पट्ट्यातून वर चढते. म्हणजे डाव्या पायाचा स्पर्श मज्जारज्जूत डाव्या बाजूने वर जातो, आणि त्याच डाव्या पायाची वेदना उजव्या बाजूने.

याचा पुरावा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिळाला. मॉरिशसमध्ये जन्मलेले डॉक्टर ब्राउन-सेकार यांनी मज्जारज्जू अर्धाच कापला गेला तर काय होतं याचा अभ्यास केला. पाठीत सुरा बसून उजवा अर्धा कापला गेला, तर उजवा पाय लुळा पडतो आणि त्याचं भान जातं, पण त्या पायाला चटका कळतो. डावा पाय मात्र नीट चालतो, कुठे आहे ते त्याला समजतं, पण त्याला भाजलेलं कळत नाही. आजही असा रुग्ण आला की जखम कुठल्या बाजूला आहे हे डॉक्टर नुसत्या टाचणीने आणि कंपनकाट्याने, म्हणजे ठोकला की थरथरणाऱ्या धातूच्या काट्याने, सांगू शकतात.

हे सगळे रस्ते शेवटी मेंदूच्या मधल्या भागातून वरच्या पृष्ठभागावर पोचतात. तिथे अख्ख्या अंगाचा नकाशा पसरलेला असतो. ओठ आणि बोटांना त्यात भरपूर जागा, पाठीला चिंचोळी पट्टी.

आता मावशीकडे. कढत पाणी कळतं, खडा टोचलेला कळतो, म्हणजे वेदना-उष्णतेचा रस्ता ठीक. चप्पल गेलेली कळत नाही आणि डोळे मिटले की तोल जातो, म्हणजे स्पर्श-भानाचा रस्ता खराब. उघड्या डोळ्यांनी ती सावरत होती, कारण पाय कुठे आहेत ते डोळे सांगत होते. साबण लावायला डोळे मिटले की तीही खबर बंद. डॉक्टरांनी तिला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. ती डुलायला लागली, त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. मग तिला झोपवून अंगठा हलवला, "वर की खाली, सांगा." मी जवळून पाहत होते. त्यांनी अंगठा दोन्ही कडांनी धरला होता, वरून-खालून नाही. वरून दाबलं तर त्या दाबावरूनच पेशंट ओळखतो आणि खरा दोष लपतो. मावशीने पाचातले तीन चुकीचे सांगितले. सेकंदाला १२८ कंपनांचा कंपनकाटा तिच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला, तर तिला थरथर जाणवलीच नाही. गुडघ्यावर टेकवला तेव्हा म्हणाली, "हां, इथे गुणगुणतंय."

रक्त तपासलं. बी-१२ अगदी तळाला गेलं होतं.

बी-१२ हे जीवनसत्त्व मायलिनचं आवरण धड ठेवायला लागतं. गरज फार नाही, दिवसाला सुमारे अडीच मायक्रोग्रॅम. पण भाजी, डाळ, भाकरीत ते नसतं. दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतच मिळतं. मावशी माळकरी, त्यातून दूध तिला सोसत नाही. यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, म्हणून माणूस बेसावध राहतो. साठा संपला की मज्जारज्जूच्या पाठीमागच्या त्या लांबच लांब तंतूंचं आवरण बिघडायला लागतं. शाकाहारीच नाही, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनाही हा धोका असतो, कारण त्या गोळीने बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: अशक्तपणा आहे म्हणून नुसतं फोलिक ॲसिड घेत बसू नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. आधी बी-१२ तपासा.

अंगाचं भान पूर्ण गेलं तर काय होतं? १९७१ मध्ये जर्सी बेटावरच्या इयान वॉटरमन या १९ वर्षांच्या तरुणावर, जो खाटकाच्या दुकानात काम करायचा, तापानंतर ही वेळ आली. मानेखालचा स्पर्श आणि भान गेलं, वेदना आणि उष्णता राहिली, स्नायूंची ताकदही राहिली. तरी तो उठून बसू शकत नव्हता, कारण हात-पाय कुठे आहेत हेच त्याला कळत नव्हतं. प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहत, मनात आखत, तो पुन्हा चालायला शिकला. त्यासाठी महिनोन्‌महिने लागले. पण दिवे गेले, अंधार झाला की तो कोसळायचा.

याच्या अगदी उलट चित्र आपल्याकडे खूप जवळून पाहिलं गेलंय. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत, कातडीजवळच्या मज्जातंतूंत राहतात: कोपराशी, बोटांत, पावलांत. आधी गरम-थंड कळेनासं होतं, मग वेदना आणि वरवरचा स्पर्श. सांध्यांचं भान मात्र बराच काळ टिकतं. म्हणून हात काम करत राहतो, पण जखमा होत असल्याचं त्याला कळत नाही. पूर्वी सगळ्यांना वाटायचं की या रोगात बोटं 'झडतात'. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की बोटं रोगाने झडत नाहीत, न दुखणाऱ्या जखमांनी झिजतात. एकदा गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एका लहान रुग्णाने किल्ली घेतली आणि झटक्यात फिरवली. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला, तर किल्लीने बोट हाडापर्यंत कापलं होतं. मुलाला पत्ताच नव्हता. आपल्याला किल्ली किती जोरात फिरवायची हे ठरवून देते ती वेदनाच.

पुढे अमेरिकेत ब्रँड यांनी कृत्रिम वेदना बनवायचा प्रयत्न केला, दाब वाढला की इशारा देणारे मोजे-हातमोजे. नुसता आवाज रुग्ण मनावर घेत नसत. विजेचा झटका ठेवला, तर एखादं काम तडीस न्यायचं असलं की ते यंत्रच बंद करत. वेदनेला बटण नसतं, म्हणूनच ती राखण करू शकते.

१९५० च्या आसपास बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, तेव्हा या रोगाबद्दलची भीती आणि घृणा किती होती हे महाराष्ट्राला माहीत आहे. त्या घृणेचा मोठा भाग 'झडणाऱ्या' बोटांवर पोसला होता. आज औषधांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ज्यांच्या पायाची संवेदना आधीच गेली, त्यांना एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल देतात. आत मऊ रबर आणि टाचेमागे पट्टा. तो पट्टा का असतो, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

तीच चप्पल आता मधुमेहाच्या रुग्णांनाही देतात. "पायाची आग होते, पण खिळा रुतला तर कळत नाही," असं मधुमेही सांगतात तेव्हा घरच्यांना ते खोटं वाटतं. ते खरंच असतं. खराब झालेले बारीक तंतू बाहेर काही नसताना आपल्या आपण पेटतात आणि बाहेरून खरंच काही आलं तर ते पोचवत नाहीत. अशा माणसाने रात्री तळपाय आरशात बघावेत, चप्पल घालण्याआधी झटकावी, अंघोळीचं पाणी पायाने नव्हे तर कोपराने पाहावं. घरात कुणी मधुमेही असेल तर हे आजपासून करा.

आणि पंगतीत मांडी घालून बसल्यावर मुंग्या येतात, त्याला घाबरू नका. गुडघ्याजवळची नस दबते आणि सुटली की तंतू बेशिस्तपणे संदेश पाठवतात, थोड्या वेळाने सगळं पूर्ववत होतं. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, त्यामुळे "नस दबली" म्हटल्यावर अनेकांना रक्त अडल्याचं वाटतं. मुंग्यांचा निरोप मज्जातंतूचा असतो. मुंग्या उठून-बसून न जाणाऱ्या असतील, दोन्ही पायांना मोज्यांसारख्या वर चढत असतील, तर मात्र डॉक्टरांकडे जा आणि वयाचं कारण ऐकून परत येऊ नका.

मावशीला बी-१२ ची इंजेक्शनं सुरू होऊन आठ महिने झाले. सगळं परत आलेलं नाही. तोंड धुताना ती अजून एक हात भिंतीला लावते. परवा तिच्याबरोबर भाजी आणायला गेले होते. कोपऱ्यावर वळताना ती थांबली. डावी चप्पल मागे राहिली होती. तिने खाली न बघता पाय मागे नेला, अंगठ्याने चाचपडत पट्टा शोधला आणि चप्पल घातली.